कर्ता ओळखा

दर शनिवारी वडाळा गावातल्या शाळेत
पोलीस येतात आम्हाला शिकवायला.
सतरा पोरं. फ्लेक्सवर दोन पंजे, एकमेकांत अडकलेले.
पहिल्या दिवशी फोटोवाला म्हणाला,
टोपीवाले पुढे बसा.
टोप्या तीनच निघाल्या. इद्रिसने खिशातली काढून घातली,
फोटो झाल्यावर परत खिशात.
मी मागे उभा राहिलो, उंच आहे म्हणून,
असं घरी सांगितलं.

हवालदार खैरनार सटाण्याकडचे.
पोट पट्ट्याला जुमानत नाही,
पण गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर हातात घड्याळ आलं
की अहिराणीत ओरडतात, पय रे, पय!
सोळाशे मीटर, पाच मिनिटं बावन्न सेकंद.
पाच दहाच्या आत आण म्हणतात,
नाहीतर बस वाट बघत पुढच्या भरतीची.
पोलीस दिसला तर पळू नकोस,
एवढं एकच अम्मीने मारून शिकवलं होतं.

मग वर्गात मराठी व्याकरण.
मी उर्दू शाळेतला. माझी मराठी दखनीत भिजलेली,
त्यांची अहिराणीत.
पुस्तकातली मराठी
दोघांच्याही घरी कधी जेवायला आलेली नाही.

त्या शनिवारी प्रयोग होते.
एकेक वाक्य लिहा रे फळ्यावर, कुठलंही.
इद्रिसने लिहिलं, गाय चारा खाते.
कर्तरी! सगळे ओरडले.
मी लिहिलं,
मुदस्सर यास चौकशीकामी ताब्यात घेण्यात आले.

कुठल्या पुस्तकातलं हे?
घरातलं आहे, साहेब. कपाटात, रेशनकार्डाखाली.
मुदस्सर माझा भाऊ. द्वारकेजवळ फ्रिज दुरुस्त करतो.
रात्री अडीचला नेला, तिसऱ्या दिवशी सोडला.
कुणाचं तरी नाव सारखं होतं.
चूक झाली, म्हणाले.
तीही अशीच, आपोआप झालेली.
तेव्हापासून अम्मी चपला आत ठेवते,
दाराबाहेरून मोजता येऊ नये
घरात माणसं किती.

प्रयोग ओळख, खैरनार म्हणाले, सवयीने.
मी म्हणालो, आधी कर्ता ओळखा.

बाहेर कांद्याचा टेम्पो मागे घेत होता कुणीतरी,
तेवढीच टीं टीं.
खैरनारांनी कॅप काढून बाकावर ठेवली.
निळं दार, म्हणाले.
मीच वाजवलं. काठीने.
आणि चपला मोजल्या.
पाच जोड, एक लहान मुलाचा.

वरून हुकूम होता, असं म्हणता आलं असतं.
म्हणाले नाहीत. माफीही नाही मागितली.
माझं वाक्य न पुसता खाली खडूने लिहिलं,
मी मुदस्सरला ताब्यात घेतले.
आता सांग.
भावे, मी म्हणालो.
कसं काय?
क्रियापद कर्त्याचं ऐकत नाही. कर्माचंही नाही.
बरोबर, म्हणाले,
आणि हातातल्या खडूकडे बघत राहिले.

महिनाअखेर फॉर्म आला.
पोलिसांवरील विश्वास: वाढला, घटला, आहे तसाच.
मी नाव लिहिलं, वय लिहिलं,
तेवढा चौकोन कोरा सोडला.
खैरनारांनी पाहिलं आणि गठ्ठ्यात सरकवला.

मुदस्सरला सांगितलं.
तो कॉम्प्रेसर उघडून बसला होता.
पाना मागितला, दिला.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
लहान जोड तुझा होता.

त्या रात्री माझ्या चपला मी मुद्दाम बाहेर ठेवल्या.
सकाळी पाहिलं तर आत होत्या,
झटकून, भिंतीला लावून.
अम्मी काही बोलली नाही.
मी बूट घालून ट्रॅककडे निघालो.
पाच एकतीस.